फाइल नसलेल्या फाइलीचे नाव

मंडळी, आज समीक्षेला आम्ही बॅश या शेलचे मॅन्युअल घेतले आहे. तेही सगळे नव्हे; त्यातला प्रोसेस सब्स्टिट्यूशनचा जेमतेम दोन-तीन परिच्छेदांचा विभाग.

गोष्ट अशी. डिफ ही आज्ञा दोन फाइलींची तुलना करते. आपल्याला मात्र दोन आज्ञांच्या उत्तरांची तुलना हवी असते. मग '<' या चिन्हाला चिकटून कंस उघडायचा आणि आत आज्ञा लिहायची. शेल ती आज्ञा वेगळी चालू करतो आणि डिफच्या हाती एक नाव ठेवतो, डेव्ह-एफडी-६३ असले काहीतरी. डिफला वाटते, फाइल आली. प्रत्यक्षात ती नळी असते. मागे फिरून पुन्हा वाचायला गेलात तर हाती काही लागत नाही. (झेडशेलमध्ये '=' लावून खरीखुरी तात्पुरती फाइल मिळते, ती सोय बॅशमध्ये नाही.)

हा विभाग अचूक आहे. चिन्ह आणि कंस यांत जागा सोडू नका, हेसुद्धा सांगतो. आमचा आक्षेप त्याच्या मौनावर आहे. आतली आज्ञा फसली तर काय, याबद्दल तिथे अवाक्षर नाही.

आता बघा. रात्री आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट आहे. मूळ सर्व्हरवरच्या फाइलींची यादी आणि बॅकअपवरची यादी ती अशाच दोन कंसांतून डिफला देते. नेटवर्क बंद पडले. दोन्ही याद्या रिकाम्या आल्या. रिकाम्यात आणि रिकाम्यात फरक कसला? डिफ शून्य परत करतो, म्हणजे 'सर्व सारखे'. पाइपफेल लावलेले असले तरी ते इथे लागू पडत नाही. चुकीचा संदेश छापला जातो खरा, पण रात्री दोन वाजता तो वाचतो कोण?

कुमारिलांच्या परंपरेतले मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. घडा दिसत नाही, म्हणून इथे घडा नाही. पण अट आहे: घडा असता तर दिसला असता, अशी स्थिती हवी. अंधारात न दिसलेल्या घड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आपली स्क्रिप्ट अंधारात उभी राहून 'घडा नाही' म्हणतेय!

उपाय नाही असे नाही. २०१६च्या ४.४ आवृत्तीपासून शेवटच्या अशा प्रोसेसचा क्रमांक मिळतो, तिची वाट पाहता येते, निकालही कळतो. शेवटच्या, बरं का! आमच्या उदाहरणात पहिली यादी फसली तर तिचा निकाल यातून कळायचा नाही. आणि ही माहिती कुठे? 'वेट' या आज्ञेच्या वर्णनात. ज्याला शंकाच आली नाही तो तिथे कशाला जाईल?

म्हणून दुरुस्ती करायचीच तर भाषेची सफाई आम्हाला नको. याच विभागात दोन वाक्ये घाला: आतल्या आज्ञेचे अपयश बाहेरच्या आज्ञेला कळत नाही, निकाल महत्त्वाचा असेल तर आधी उत्तर खऱ्या फाइलीत साठवा, तपासा, मग तुलना करा.