नाव, शहानिशा आणि अधिकार : एका संगणकीय दोषाचे शब्दार्थदृष्ट्या परीक्षण

संगणकाची आज्ञावली ही मानवी भाषेत नावे दिलेली संहिता आहे. म्हणून तिचे परीक्षण भाषाभ्यासकालाही करता येते. संगणक-जालावर देखरेख ठेवणाऱ्या 'कॅक्टाय' ह्या आज्ञावलीत डिसेंबर २०२२ मध्ये उघडकीस आलेला दोष ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १.२.२२ ही आवृत्ती त्याने ग्रस्त होती व त्याची तीव्रता १० पैकी ९.८ गणली गेली.

दूरस्थ यंत्रांसाठी राखलेल्या प्रवेशद्वारी परवलीचा शब्द विचारला जात नसे. येणारा अधिकृत आहे काय, हे 'रिमोट क्लायंट ऑथराइज्ड' नावाचे फंक्शन ठरवी. ते पाहुण्याचा पत्ता घेई, त्यावरून यंत्राचे नाव शोधी आणि ते यादीत आहे काय एवढेच पाही. परंतु हा पत्ता विनंतीच्या शीर्षभागातून घेतला जाई आणि तो शीर्षभाग पाहुणाच लिहीत असे. यादीत मूळ यंत्राचे नाव असेच. तेव्हा 'मी म्हणजे तूच' एवढे म्हणणाऱ्यास दार उघडे होते.

नाव सांगणे, नावाची शहानिशा करणे व अधिकार देणे ह्या तीन भिन्न क्रिया होत. प्रस्तुत फंक्शनने पहिलीवरून तिसरी गृहीत धरली आणि 'अधिकृत' ह्या शब्दाने मधली उणीव झाकली. नाव बदलले असते तर दोष टळला असता, असा आमचा दावा नाही. पण असे नाव वाचकाची शंका निजवते, हे नाकारता येत नाही.

आत शिरल्यावरही अडसर नव्हता. एक क्रमांक अंकच आहे काय, हे न तपासता तो थेट आज्ञेत जोडला जाई. त्यामुळे परक्याची आज्ञा यंत्र पाळी. आपल्या शेजारच्या देवगिरीच्या दुर्गकारांनी पहिला दरवाजा ओलांडणारास मित्र मानले नव्हते. पुढे खंदक आणि अंधारी होतीच. १.२.२३ ह्या आवृत्तीत दोन्ही ठिकाणी दुरुस्ती झाली.

मराठीतील परिभाषेचा प्रश्न येथेच उद्भवतो. ओळख पटविण्यास 'प्रमाणीकरण' हा शब्द रूढ आहे. अधिकार देण्यास काही लेखक 'प्राधिकरण' योजतात. पण 'महाराष्ट्र जीवन प्राधिकरण' म्हणताना आपण संस्था समजतो, क्रिया नव्हे. आमच्या मते 'अधिकारदान' हा शब्द अधिक नेमका आहे. ज्या भाषेत ह्या दोन क्रियांना स्वतंत्र शब्द नाहीत, त्या भाषेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांतील भेद दिसणे कठीण जाईल. आणि प्रस्तुत दोष त्या भेदाच्या विस्मरणातूनच जन्मला.