'दुबळा', 'नातवान' आणि 'गरीब'

जुने कागद छापतांना 'नातवान', 'गरीब' हे शब्द काढून सरसहा 'दुर्बल' घालणें आम्हांस संमत नाहीं. 'दुबळा' हा संस्कृत 'दुर्बल' शब्दाचा तद्भव; त्यांत बलाची उणीव. 'नातवान' फार्सी, 'ना' आणि 'तवान' मिळून असमर्थ. 'गरीब' अरबी, मूळ अर्थ परका, परदेशस्थ. मराठींत तो निर्धन व निरुपद्रवीहि झाला. अमुक कागदांत कोणता अर्थ, हें संदर्भ सांगेल. परंतु शब्दच गेल्यावर विचारावें कोणास? शिवकालीन राज्यव्यवहारकोशानें यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, तें राजकार्य होतें. संपादकास तो अधिकार नाहीं. त्यानें मूळ पाठ जसाचा तसा ठेवावा व अर्थ टीपेंत द्यावा.