डेंड्रल : कौतुक नेमके कशाचे?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासात ‘डेंड्रल’ या आज्ञावलीला पहिल्या तज्ज्ञ प्रणालींत मानाचे स्थान आहे. १९६५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हे काम सुरू झाले. जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग, संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फायगेनबॉम व ब्रूस ब्यूकॅनन आणि रसायनशास्त्रज्ञ कार्ल जेरासी त्यात एकत्र आले. यंत्राने तज्ज्ञाचे ज्ञान वापरून दाखवले, असे तिचे कौतुक होते. आम्हांला वाटते, हे कौतुक थोडे चुकीच्या जागी होते.

डेंड्रलपुढचा प्रश्न असा : एखाद्या कार्बनी संयुगाचे रेणुसूत्र आणि वस्तुमान वर्णपट दिला, तर त्याची रचना कोणती? हा वर्णपट मिळवताना रेणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात, रेणू फुटतात आणि तुकड्यांची वस्तुमाने मोजली जातात. फुटक्या खापरांवरून मडके ओळखण्यासारखेच हे काम. डेंड्रल ते तीन टप्प्यांत करी. कोणते अणुगट रेणूत असलेच पाहिजेत व कोणते असू शकत नाहीत, हे आधी ठरवायचे. मग त्या अटींत बसणाऱ्या सर्व रचना तयार करायच्या. शेवटी प्रत्येक रचनेचा वर्णपट कसा येईल याचा अंदाज बांधून तो प्रयोगातील वर्णपटाशी ताडून पाहायचा.

पहिल्या व तिसऱ्या टप्प्यातील नियम रसायनतज्ज्ञांचे. ते उपयुक्त होते, पण किटोन, ईथर, अमाइन अशा ठरावीक कुळांपुरते. कुळ बदलले की नियम नव्याने शोधावे लागत. मधल्या टप्प्याचे महत्त्व मात्र कुळावर अवलंबून नाही. एकही रचना सुटू नये आणि एकही दोनदा येऊ नये, ही त्याची प्रतिज्ञा. आधी ती बिनवलयी रेणूंपुरती होती. १९७४ मध्ये वलयी रेणूंसाठीची रीतही प्रसिद्ध झाली.

ही प्रतिज्ञा किती अवघड आहे, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. हेक्झेनचे समघटक काढायला सांगा. कोणी चारच काढतो. कोणी पाच काढून सहावा म्हणून ‘२-इथाइल ब्युटेन’ लिहितो. तो खरे तर ३-मिथाइल पेंटेनच असतो, फक्त सर्वांत लांब साखळी नजरेतून निसटलेली असते. दहा कार्बनच्या अल्केनचे ७५ समघटक होतात, वीस कार्बनच्या अल्केनचे ३,६६,३१९. येथे नजर काय कामाची? संगणक प्रत्येक रचनेला एकच ठरावीक लेखन देतो. त्यामुळे तीच रचना उलटी लिहून आली, तरी ती ओळखली जाते.

अर्थात या यादीलाही मर्यादा आहेत. सुरुवातीच्या पद्धतीला कोणता अणू कोणाला जोडला आहे एवढेच कळे. लॅक्टिक आम्लाची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपे तिच्या लेखी एकच. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. सुरुवातीची एखादी अट चुकली, तर बरोबर उत्तर मुकाट्याने यादीबाहेर जाते आणि उरलेली यादी तरीही परिपूर्ण दिसते.

हा धोका केवळ यंत्राचा नाही. बुरशीतून मिळालेल्या हेक्सासायक्लिनॉल या पदार्थाची रचना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. २००६ मध्ये रिच्नोव्स्की यांनी संगणकावर गणित करून दाखवले, की त्या रचनेचा चुंबकीय अनुनाद वर्णपट प्रयोगातील आकड्यांशी जुळत नाही. त्यांनी दुसरी रचना सुचवली. त्याच वर्षी पोर्को यांच्या गटाने ती प्रयोगशाळेत घडवली आणि ती खरी ठरली. पहिली रचना मांडणारेही तज्ज्ञच होते. दुसरा पर्याय पुढे आला, म्हणूनच चूक सापडली.

आज वर्णपटावरून थेट रचना सुचवणाऱ्या, उदाहरणांवरून शिकलेल्या आज्ञावल्या आहेत. त्या झटपट उत्तर देतात. पण कोणत्या रचना विचारात घेतल्या आणि कोणत्या का वगळल्या, हे त्या सहसा सांगत नाहीत. डेंड्रलकडून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. समघटकता शिकवताना केवळ ‘उत्तर काय?’ एवढ्यावर थांबू नये. ‘आणखी कोणती शक्य होती, आणि ती कशावरून नाही?’ हेही विद्यार्थ्याने लिहावे आणि त्याला गुण मिळावेत.