गंज : खजिना, कडबा आणि बाजार

नांदेडचा शेतकरी माल मोंढ्यात नेतो. परभणी, जालन्यातही मोंढाच. लातूरची जुनी माणसे मात्र ‘गंजात’ जातात. एका निजामी राज्यातल्या दोन गावांनी बाजाराला दोन नावे दिली. मोंढ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल (सिकंदराबादेत ‘मोंडा मार्केट’ आहे, एवढी खूण इथे नोंदवतो). हा लेख गंजापुरता.

आपल्याकडे शब्दाची व्युत्पत्ती सांगताना आधी तो ‘आपला’ की ‘परका’ हे ठरवतात आणि मग पुरावे गोळा करतात. गंजापुढे ही रीत चालत नाही. फारसीत ‘गंज’ म्हणजे खजिना, म्हणून शब्द फारसी, असे एक जण म्हणतो. संस्कृत कोशात ‘गञ्ज’ आहे, म्हणून तो संस्कृत, असे दुसरा म्हणतो. दोघांचीही धाव अर्ध्यावर थांबते. बाराव्या शतकातल्या कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त खजिनदाराला ‘गञ्जवर’ म्हटले आहे. तोच अधिकारी त्याच्याही दीड हजार वर्षे आधी इराणातल्या पर्सेपोलिसच्या मातीच्या पाट्यांवर ‘गंझबर’ या रूपाने भेटतो. म्हणजे मुसलमानी राजवटीच्या कितीतरी आधी हा इराणी शब्द संस्कृतात येऊन मुरला होता. पुढे फारसीच्या वाटेने तो पुन्हा आला. शब्दांच्या शुद्धीकरणाची यादी करणाऱ्याने त्याला कोणत्या रकान्यात घालावे?

नांदेडकरांना आणखी एक खूण ओळखीची वाटेल. गुरू ग्रंथसाहिबात ज्यांची वाणी आहे, ते बाबा फरीद ‘गंज-ए-शकर’, साखरेचा खजिना, म्हणून ओळखले जातात.

खजिन्याचा बाजार कसा झाला? माझ्या मते मधला दुवा कोठाराचा आहे. राजाचे धन जिथे साठते ते गंज. मग धान्य साठते तेही गंज. आणि साठ्याभोवती विक्री आलीच. उत्तरेत दर्यागंज, हजरतगंज, हैदराबादेत उस्मानगंज, कलबुर्गीत नेहरू गंज, औरंगाबादेत शहागंज. पुण्यातल्या ज्या पेठेत जोतीरावांचा वाडा आहे, तीही पूर्वीची गंज पेठच. लातूरच्या गंजगोलाईची इमारत १९१७ची, आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. मध्ये जगदंबेचे देऊळ, भोवती फुटणारे सोळा रस्ते. त्याआधी, १९११मध्ये, बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली होती, हे विसरू नये.

तो गंज बाजाराचा. ती गंज कडब्याची. लिंग बदलले तरी रचून ठेवलेल्या साठ्याचा अर्थ दोन्हींत आहे, म्हणून मी त्यांना एका कुळातले मानतो. लोखंडाच्या गंजाला मात्र या कुळात घेत नाही. ‘गंजीफ्रॉक’ तर थेट इंग्रजांच्या गर्न्सी बेटावरून आला. त्याला खजिन्याशी जोडणारे लोक भेटतात, त्यांच्याशी वाद घालू नये.

माझा खरा मुद्दा वेगळा आहे. या शब्दाच्या पोटात साठवण आहे, आणि आपल्या व्यवहारात नेमकी तीच उरली नाही. गंज ही मालाची राहण्याची जागा होती. आज शेतकऱ्यासाठी ती माल सोडून येण्याची जागा आहे. सोयाबीनची रास झाली की उधारी, मजुरी, रब्बीचे बियाणे, सगळे एकदम दारात उभे राहते. आवक वाढते, भाव पडतो, तरी त्याच आठवड्यात माल काट्यावर जातो. साठवायची सोय कागदावर नाही असे नाही. राज्य वखार महामंडळ १९५७पासून आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१पासून आहे; तारण ठेवलेल्या सोयाबीन-तुरीच्या किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. पण ते बाजार समितीमार्फत मिळते, आणि समितीने योजना राबवली तरच. अडतीवरची उचल त्याच दिवशी हातात पडते.

गोलाईत आता सोने, कपडे, मिरची, गूळ, चपला मिळतात; धान्याचे सौदे बाजार समितीच्या आवारात होतात. कडब्याची गंज मात्र अजून शेतकऱ्याच्याच रानात असते, आणि तिच्यातला कडबा कधी काढायचा हे तोच ठरवतो.