शाळा चांगली की निवड चांगली?

चौथी-पाचवीला शिकवणाऱ्या शिक्षकांना दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "गुरुजी, पोरगी हुशार आहे म्हणता, तर आता पुढं कुठं घालू?" विचारणारा पालक आपल्यावर विश्वास टाकून विचारत असतो. आपण नाव सांगू त्या शाळेत तो खरोखरच पोरीला घालणार असतो. त्यासाठी तो एस.टी.चा पास काढील, पोरीला मामाकडे ठेवील, वेळ पडली तर दागिना मोडील. इतक्या मोलाच्या प्रश्नाला आपण उत्तर कसं देतो? तालुक्याच्या चौकातला फलक आठवतो. 'दहावीचा निकाल १०० टक्के', आणि खाली नव्वदच्या वर गुण मिळवणाऱ्या मुलांचे फोटो. त्या शाळेचं नाव सांगून आपण मोकळे होतो.

हे उत्तर दर वेळी चुकतंच असं आमचं म्हणणं नाही. पण ते ज्या पुराव्यावर उभं आहे तो पुरावा फार कच्चा आहे. वर्गात विज्ञान शिकवणाऱ्यांनी तरी तो तपासल्याशिवाय स्वीकारू नये, एवढंच इथे मांडायचं आहे.

एक ओळखीचं उदाहरण घेऊ. पेरणीपूर्वी भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. पोकळ, हलके दाणे वर तरंगतात, ते काढून टाकतात. तळाशी बसलेलं वजनदार बी धुऊन, सुकवून पेरतात. समजा, एका शेतकऱ्याने असं निवडलेलं बी पेरलं आणि शेजाऱ्याने पोत्यातलं सरसकट. पहिल्याची रोपं जोमदार आली. त्यावरून तो म्हणू लागला, "माझी जमीनच कसदार," तर सहावीतलं मूलही विचारील, "पण दोघांचं बी सारखं कुठे होतं?" बी वेगळं आणि जमीनही वेगळी असेल, तर पिकातला फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा धडा आपणच शिकवतो. शाळांची तुलना करताना मात्र आपण तो विसरतो.

शाळांकडे बी निवडण्याच्या अनेक तऱ्हा असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाच्या वेळी मुलांची किंवा पालकांची चाळणी करायला मनाई केली आहे. नवोदय विद्यालयांसारख्या काही शाळांना त्यातून सूट आहे. पण फी, अंतर आणि माध्यम यांची चाळणी कायद्याला दिसत नाही. शिवाय एक चाळणी शेवटच्या टोकाला असते. नववीत मागे पडलेल्या मुलाला हळूच सुचवलं जातं की त्याने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावं. तो मुलगा नापास झाला तरी शाळेच्या निकालात दिसत नाही. शंभर टक्क्यांचा आकडा वाचताना 'शंभर टक्के कोणाचे?' हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायला हवा.

मग शाळेचा स्वतःचा वाटा मोजायचा कसा? मुलं चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाहीत. पण प्रवेश परीक्षेतच एक छान युक्ती दडलेली आहे. समजा, प्रवेशाची रेषा ७० गुणांवर लागली. ७० गुणांचं मूल आत गेलं, ६९ चं बाहेर राहिलं. या दोघांच्या हुशारीत खरोखर किती फरक असेल? त्या दिवशी एखादं गणित सुचलं किंवा सुचलं नाही, एवढाच. म्हणजे रेषेच्या लगत, दोन्ही बाजूंना, जवळजवळ एकसारखं बी दोन वेगळ्या जमिनींत पडलेलं असतं. पुढे काही वर्षांनी या दोन गटांत फरक दिसला, तर तो शाळेमुळे पडला असं बऱ्याच खात्रीने म्हणता येईल.

अतिला अब्दुल्कादिरोग्लू, जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या बॉस्टन आणि न्यूयॉर्क या शहरांत हेच केलं. बॉस्टनमधल्या तीन सरकारी शाळा परीक्षा घेऊन सातवीपासून मुलं घेत. त्यातली एक, बॉस्टन लॅटिन, १६३५ सालची. या शाळांत प्रवेश मिळावा म्हणून पालक जिवाचं रान करतात. रेषेच्या आतल्या मुलाला वर्गसोबती एकदम कितीतरी वरच्या दर्जाचे मिळतात, हे आकड्यांत स्पष्ट दिसलं. पण रेषेच्या जरा आतली आणि जरा बाहेरची मुलं पुढच्या परीक्षांत ताडून पाहिली, तेव्हा त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक जवळजवळ सापडला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या नावातच 'भ्रम' हा शब्द आहे. अँग्रिस्ट यांना पुढे २०२१ मध्ये कार्यकारणभाव शोधण्याच्या पद्धतींवरील कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

या अभ्यासाचा अर्थ ताणून मात्र लावू नये. तो रेषेलगतच्या मुलांविषयी बोलतो. रेषेच्या खूप वर असलेल्या मुलाविषयी त्यातून थेट काही कळत नाही. तिथे बाहेर राहिलेल्या मुलालाही ग्रंथालय, प्रयोगशाळा असलेली दुसरी शाळा मिळते. आपल्याकडे पाचवीनंतर रोज सहा किलोमीटर चालणाऱ्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. म्हणून बॉस्टनचं उत्तर उचलू नये. तिथला प्रश्न मात्र जरूर उचलावा.

तो प्रश्न नवोदय विद्यालयांना लावून पाहू. १९८५-८६ मध्ये अशी पहिली दोन विद्यालयं निघाली, एक हरियानात झज्जर इथे आणि दुसरं आपल्याकडे अमरावतीला. पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, राहणं-जेवण-शिक्षण मोफत, सहावीपासून प्रवेश. खेड्यातल्या हुशार मुलाला वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा एका छताखाली देणारी दुसरी व्यवस्था चटकन सांगता येणार नाही. तिचं मोल आम्हाला मान्य आहे. आमची तक्रार तिच्या चाळणीचं आपण जे केलं आहे त्याबद्दल आहे.

परीक्षा दोन तासांची, प्रश्न ऐंशी. त्यातले चाळीस आकृत्यांचे: वेगळी आकृती ओळखा, मालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा शोधा. उरलेल्यांत अंकगणित आणि भाषा. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. एका विद्यालयात सहावीच्या जागा फार तर ऐंशी. म्हणजे पाचवीच्या वर्गात तयारीला बसवलेल्या बहुतेक मुलांची निवड होणार नाही, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. तरीही परिसर अभ्यासाचा तास बंद करून आकृत्यांचे सराव संच सोडवून घेतले जातात. बी भिजत घालून अंकुर पाहायचा, ओढ्याचं पाणी गाळून पाहायचं, ते वय आरशातल्या प्रतिमेला गोल करण्यात जातं. गंमत अशी की खरा आरसा त्यातल्या कित्येकांच्या हातात कधी दिलेलाच नसतो.

आणि निकाल लागतो तेव्हा? रेषेच्या एका गुणाने बाहेर राहिलेल्या मुलाला आपण 'नापास' म्हणून घरी पाठवतो. मोजमापात चूक असतेच. त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी दुसरी प्रश्नपत्रिका दिली असती तर दोनचार गुण इकडे-तिकडे झाले असते. तापमापीच्या वाचनातली चूक आपण शिकवतो, पण मुलाच्या वाचनातली मानत नाही.

आत गेलेल्या मुलाचंही सगळं सोपं नसतं. ऑस्ट्रेलियात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की सारख्याच कुवतीच्या दोन मुलांपैकी जे अधिक हुशार सोबत्यांच्या शाळेत जातं, त्याचं स्वतःच्या अभ्यासाविषयीचं मत खाली येतं. गावात पहिलं येणारं मूल तिथे चाळिसावं येतं आणि आपण हुशार नाही असं समजून बसतं. त्याला हे आधी सांगायला हवं. शिवाय नवोदयमध्ये नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातल्या विद्यालयात पाठवतात. एखाद्याला ती पर्वणी वाटेल, एखाद्याला जड जाईल. पालकांना ही माहिती आपल्याकडूनच मिळायची.

मग "कुठं घालू?" याला उत्तर काय? आमचं सुचवणं असं. पालकांबरोबर एकदा शाळेत जाऊन यावं. दहावीचा फलक पाहण्याऐवजी सहावीतल्या मुलाची विज्ञानाची वही पाहायला मागावी. सगळ्या वह्यांतली उत्तरं शब्दशः एकच असतील तर काय समजायचं ते समजावं. प्रयोगशाळेच्या कुलपावर गंज आहे का, ग्रंथालयाच्या नोंदवहीत शेवटची तारीख कोणती, हे पाहावं. पाचवी-सहावीत दाखल झालेल्यांपैकी किती जण दहावीला त्याच शाळेतून बसले, हे मुख्याध्यापकांना विचारावं. आणि वर्गात मुलाने "असं का?" विचारलं तर काय होतं, हे तिथल्या मुलांना विचारावं. मूल फार पुढे असेल तर त्याला वर्गापलीकडचं काम देणारा निदान एक शिक्षक तिथे आहे का, एवढी चौकशी निकालाच्या टक्क्यांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आपल्याच शाळेचं जुनं रजिस्टर काढूनही एक काम करता येईल. दहा वर्षांपूर्वी पाचवीत साधारण सारखीच असलेली, पण पुढे वेगवेगळ्या शाळांत गेलेली मुलं आज काय करतात, ते टिपावं. दहा-वीस मुलांवरून नियम निघणार नाही, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावं. पण पुढच्या उन्हाळ्यात पालक प्रश्न घेऊन येतील तेव्हा फलकापेक्षा बरं असं काहीतरी आपल्या हातात असेल. आणि कुठेच निवड न झाल्याने आपल्याच शाळेत सहावीला राहिलेल्या हुशार मुलीसाठी आपण काय करणार, हेही त्याच निमित्ताने ठरवता येईल.