मृद्भक्षणप्रसंगातील एका उत्तराची घडण

भागवताच्या दशम स्कंधातील मृद्भक्षणाचा प्रसंग (अध्याय ८) विश्वरूपदर्शनासाठी प्रसिद्ध आहे. त्या दर्शनाच्या अलीकडचा विनोद मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. कृष्णाने माती खाल्ली, असे गाऱ्हाणे बलरामादी गोपबालक यशोदेकडे नेतात. त्यावर कृष्णाचे उत्तर अवघ्या एका श्लोकाचे आहे. प्रथम साफ नकार, आणि त्यातच ‘अंब’ हे लाडके संबोधन. मग सारेच साक्षीदार खोटे, त्यांत थोरला भाऊही आला. शेवटी, ते खरे बोलत असतील तर तोंड प्रत्यक्षच पाहा, हे आव्हान. खरी मेख या ‘यदि–तर्हि’मध्ये आहे. गिळलेली माती तोंडात कोठून सापडणार? ऐकीव साक्षीहून प्रत्यक्ष प्रमाण श्रेष्ठ, हा प्रौढांचाच न्याय बालकाने प्रौढांवर उलटविला आहे. यशोदेचे प्रत्युत्तरही ‘यदि–तर्हि’ याच साच्यात येते. मुलाची वाक्यरचना उचलताना त्याने ठरविलेली कसोटीही ती नकळत मान्य करून बसते.

पुढे त्या मुखात तिला ब्रह्मांड दिसते. भाविक वाचक तेथेच खिळतो, व ते स्वाभाविक आहे. परंतु मातीचा निकाल काही लागत नाही! वैष्णवी मायेने आई सारे विसरते आणि मुलाला मांडीवर घेते. इतकी सोयीस्कर सुटका दुसऱ्या कोणत्या खोडकर मुलाला लाभली असेल?

९ व्या अध्यायात दह्याचे मडके फोडताना तो खोटे अश्रू ढाळतो. पण त्या साऱ्या अध्यायात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. दोरी दोन बोटे अपुरी पडत राहते, तरी अखेर, आईचे श्रम पाहून कृपेने असे ग्रंथ म्हणतो, तेथे तो उखळाला बांधला जातो.