सूत्रधार बदलतो तेव्हा

देवळाच्या सभामंडपात कीर्तनाला बसणाऱ्या श्रोत्यांस एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. नारदाची गादी तीच असते. पण तिच्यावर उभे राहणारे बुवा बदलले की त्याच आख्यानाचा रंग पालटतो. झी मराठीवरील ‘चला हवा येऊ द्या’ या रात्रीच्या कार्यक्रमाचे निवेदक बदलले, त्याचा विचार याच दृष्टीने करावयास हवा.

२०१४ साली सुरू झालेला हा कार्यक्रम मार्च २०२४ मध्ये थांबला. या काळात डॉ. निलेश साबळे यांनी लेखन, दिग्दर्शन व निवेदन अशी तिहेरी धुरा वाहिली. थुकरटवाडी या कल्पित गावी पाहुण्यांशी गप्पा रंगत, प्रहसने होत आणि मग सागर कारंडे यांचा पोस्टमन अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र वाची. हसणारी सभा क्षणात गंभीर होई. पूर्वरंगातून उत्तररंगाकडे नेणारा हा सांधा सूत्रधाराच्या हाती होता. स्त्रीवेषातील पुरुषांच्या विनोदाचा अतिरेक आणि येऊ घातलेल्या चित्रपटांची जाहिरात हे दोष त्या काळीही होतेच.

जुलै २०२५ मध्ये कार्यक्रम परतला, तो अभिजीत खांडकेकर यांच्या निवेदनासह. त्यांची वाणी स्वच्छ, वावर सभ्य. परंतु ‘कॉमेडीचं गँगवार’ या नव्या रूपात नवोदितांचे गट पाडून स्पर्धा मांडली गेली आणि पाहुण्यांशी होणारा संवाद मागे पडला. स्पर्धेत निवेदकाने नावे पुकारावयाची असतात. कथासूत्र ओवण्यास त्याला अवसर कोठून मिळणार? उणेपणा आहे तो व्यक्तीचा नव्हे, रचनेचा. बुवा बदलले, एवढ्याने काही बिघडत नाही. येथे आख्यानच काढून घेतले गेले.

गुजराती, हिंदी आणि वारली बोलीच्या शेजारात राहणाऱ्या सिल्वासातील मराठी कुटुंबांस याचे महत्त्व अधिक. भारत गणेशपुरे यांच्या वऱ्हाडीसारख्या बोलीशी येथील मुलांचा परिचय अशाच कार्यक्रमांतून होतो. त्यांच्या कानी केवळ हशा व गुणांकन पडावे, की गप्पांत रमणारी, प्रसंगी गहिवरणारी मराठी पडावी, हा खरा प्रश्न आहे. गादीवर कोणीही उभे राहो. त्याला सांगावयास आख्यान मात्र दिले पाहिजे.